छोटे तुकडे टाकून द्या

४ मार्च

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. छप्पन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या लिफ्ट तपासनिसाला चिरंजीव लिहिताना माझं मलाच हसू येतं. पण तुझ्याआधी सात वर्षं जन्मल्याचा एवढा एकच हक्क मला वापरायला मिळतो, तो मी सोडणार नाही.

फोनवर बोलता येत नाही. फोन आईच्या उशाशी असतो आणि तिच्या कानांनी आता डोळ्यांचंही काम अंगावर घेतलंय. म्हणून हे पत्र. काल तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डावा तीन महिने, फार तर चार. ऑपरेशनचा उपयोग नाही. बाईंनी तिला विचारलं, आजी, काय बघायचं राहिलंय? आईने क्षणभरही विचार न करता सांगितलं, माझी माणसं.

मग बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही सख्ख्या का? कोणी सांगितलं असेल त्यांना, देव जाणे. मी भर दवाखान्यात त्यांना सुनावलं, की माझी जन्मदाती गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते, तिचा चेहराही मला आठवत नाही, मला एकच आई ठाऊक आहे आणि ती या खुर्चीत बसली आहे. बाकावरचे पेशंट उठून बसले. तू म्हणशील, ताईला सभा मिळाली.

तर मी ठरवलंय. बाबांच्या स्टुडिओतल्या दोन्ही पत्र्याच्या पेट्या उघडायच्या, सगळे घरचे फोटो स्कॅन करायचे आणि टीव्हीच्या पडद्यावर मोठे करून आईला दाखवायचे. शाळेने जुना स्कॅनर वापरायला दिलाय. फोटो निघाले एकोणीसशेच्या वर. एक फोटो काचेवर ठेवा, मग संगणकावर चारी बाजूंनी माऊसने ओढून कडा कापा, सात मिनिटं गेली. गणित तू कर, ते तुझंच पक्कं होतं. या वेगाने मी संपवेन तेव्हा आईला अंधारच बघावा लागेल.

म्हणे असं सॉफ्टवेअर असतं, की काचेवर चार-पाच फोटो एकदम ठेवले तरी ते आपोआप वेगळे करतं, सरळ करतं, कापतं. मास्तरणीच्या पेन्शनला झेपेल असं शोधून दे.

आणखी एक. आपला दरवर्षीचा फोटो, स्टुडिओ उघडला त्या तारखेला काळ्या पडद्यापुढे काढायचो तो, त्याच्या एकतीसही प्रतींवर उजवीकडे वरपासून खालपर्यंत पांढऱ्या शाईची बारीक रेघ आहे. पट्टी लावून मारलेली. ही काय भानगड? तुला काही आठवतं का? मला फक्त बाबांचा नियम आठवतो, उंच माणूस कडेला, म्हणजे फोटोला खांब मिळतो. एकतीस वर्षं मी खांब.

तुझ्या बाईसाहेबांना नमस्कार. पत्राला पत्राने उत्तर दे, आणि माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बायको म्हणाली, बिल आलं की पत्र, हे पाकीट उघडायच्या आधीच मला कळतं. बिल असेल तर तुम्ही गप्प बसता आणि ताईंचं असेल तर ताठ बसता.

आईचं ऐकून वाईट वाटलं. मी लगेच आलो असतो, पण मार्चअखेर म्हणजे आमच्या खात्यात सगळ्या इमारतींना आपली लिफ्ट आठवते. दिवसाला अकरा-अकरा दाखले सही करतोय.

ऑफिसातल्या संगणकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, बाजारात रग्गड आहेत. एक फुकट आहे, ते आधी वापरून बघ. दुसरं दरमहा भाड्याने मिळतं. तिसरं चांगलं पण महाग: प्रत्येक फोटो कापायच्या आधी चौकट दाखवतं आणि विचारतं, इथे कापू का? आपल्याला कशाला हवंय विचारणारं? घरात विचारणारी एक आहे तेवढी पुरे.

रेघेचं विशेष काही नाही. फ्रेमचं माप असेल. बाबांना मापं घ्यायची खोडच होती.

कामाचं: जागा जूनमध्ये सोडायची आहे, हे विसरू नकोस. नवी जागा दोन खोल्यांची. आईचा पलंग, तुझी पुस्तकं आणि वर त्या दोन पेट्या, असं बसणार नाही. फोटो संगणकावर आले की पेट्या हलव्या कर.

राग आला तर दोन शिव्या घाल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा
बाळ्या


१९ मार्च

चि. बाळ्यास,

अ. आशीर्वाद.

तुझं फुकटचं सॉफ्टवेअर बसवलं. कापतं बरं, पण कंपनीचं नाव प्रत्येक फोटोच्या छातीवर आडवं उमटवतं. बाबांच्या कोटावर, आईच्या मंगळसूत्रावर, तुझ्या लंगोटावर. फुकट देणारा छातीवर नाव लिहितोच, हे मी तीस वर्षं शिक्षकांच्या सभांतून ओरडून सांगत आले, आणि अक्कल आली ती आता.

भाड्याचं पाहिलं. एक महिना घेतला की दुसरा महिना तेच घेतं, थांबवायचं बटण सापडत नाही. ते नको.

तिसरं, विचारणारं, मला मनापासून आवडलं. त्याच्या चाचणीत मी पाच फोटो टाकले, ते प्रत्येकाभोवती हिरवी चौकट आखून थांबलं. मी हो म्हटल्याशिवाय कात्री चालवली नाही. माणसाने असं वागावं. पण किंमत माझ्या आवाक्याबाहेर आहे. निम्मी तू घातलीस तर निम्मी मी घालते. मी हात पसरत नाहीये. आईचे डोळे दोघांचे आहेत.

आई आता ताटाच्या कडा बोटांनी चाचपून जेवते. मी बघते आहे हे तिला कळलं की म्हणते, थोरले, जा, तुझी कामं कर.

उत्तर लवकर पाठव. मायेत आणि टपालात दोन्हीत उशीर नको.

तुझी ताई


२६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण एकदा वापरायच्या गोष्टीवर एवढे पैसे घालणं म्हणजे एका मजल्यासाठी लिफ्ट बसवण्यासारखं आहे. मी तुझ्यासाठी त्याहून झकास शोधलंय. एका निवृत्त जमीन-मोजणीवाल्याने स्वतःच्या घरचे फोटो कापायला लिहिलेलं. दोन सिनेमांच्या तिकिटांएवढी किंमत, एकदाच. मी ती भरलीसुद्धा. मेलवर किल्ली आली असेल. आता म्हण, धाकटा काही करत नाही.

हे विचारत-बिचारत नाही. दोन फोटोंच्या मधली पांढरी फट शोधतं आणि तिथे सरळ कापतं. शंभर-शंभर एका दमात. संगणकवाल्याने एक सूचना दिलीय: एका ओळीपुढे ‘छोटे तुकडे टाकून द्या’ असं लिहिलंय, तिथे बरोबरची खूण कर. नाहीतर काचेवरच्या धुळीचे, फाटक्या कोपऱ्यांचे पण वेगळे फोटो होऊन बसतात आणि निवडत बसावं लागतं.

आधी बारा फोटो करून मला पाठव, मी तपासतो. कडा आणि कोपरे सरळ आहेत ना एवढं तू बघ. तपासणं हा माझा धंदाच आहे. मी ठीक म्हटलं की पुढे जा.

आपल्यावरचा जीव असाच असू दे.

तुझा
बाळ्या


२ एप्रिल

चि. बाळ्यास,

अ. आशीर्वाद.

मोजणीवाल्याला माझा नमस्कार सांग. काचेवर चार ठेवले, बाहेर चार आले. पुन्हा चार, पुन्हा चार. खाली बारीक अक्षरात लिहून येतं, ‘टाकलेले तुकडे: ४’. धूळ किती साठली होती बघ! सूचनेबरहुकूम खूण केली आहे.

पहिले बारा दरवर्षीच्या फोटोंपैकीच घेतले आहेत, ते मेलने पाठवले. उत्तरपत्रिका तपासावी तशी पडद्यावर पट्टी धरून अठ्ठेचाळीस कोपरे तपासले. सगळे काटकोनात. चेहरे मुद्दाम बघितले नाहीत. ते आईबरोबर बघायचे, एकदम. मला तो रविवार उष्टा करायचा नाही.

तू ठीक म्हणालास की मूळ प्रती फाडीन. तुला बाबांचा नियम आठवत असेल: नवी प्रत झाली की जुनी फाडायची, एका फोटोच्या दोन प्रती बाजारात नकोत. गिऱ्हाइकासमोर फाडायचे, टरकन. निगेटिव्ह तर दुकान बंद करताना त्यांनी फिल्ममधली चांदी काढणाऱ्याला देऊन टाकल्या. रद्दीत मी काही टाकणार नाही. आपल्या माणसांच्या चेहऱ्यांत कोणी फुटाणे बांधलेले मला चालणार नाहीत.

नीट तपास, गड्या. तुझ्या ‘ठीक’वर माझा हात चालणार आहे.

तुझी ताई


९ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

बाराही फोटो पाहिले. झकास! बायकोला, मुलींना बसवून दाखवले. सगळे नीट आलेत. बाबांचा कोट बघून मुली हसून हसून लोळल्या. आई काय दिसायची गं! आणि मी मधे, स्टुलावर, राजासारखा.

एकच बारीक खोट. मी दहा वर्षांचा असतानाच्या फोटोत माझ्या खांद्यावर काहीतरी फिकट डाग आहे. पुसता आला तर पूस, नाहीतर राहू दे, आईला कुठे एवढं दिसणार.

माझ्याकडून पास. पुढे जा, आणि फाडायचं ते फाड.

तुझ्या मायेत कापाकापी नको, एवढीच विनंती.

बाळ्या


२८ एप्रिल

चि. बाळ्यास,

अ. आशीर्वाद.

संपलं! एकोणीसशे बारा फोटो. हाताला स्कॅनरच्या झाकणाचा वळ उठलाय. दोन्ही पेट्या रिकाम्या, आणि फाडलेल्या प्रतींची तीन पोती काल माझ्या डोळ्यांदेखत शाळेच्या भट्टीत गेली. तुझ्या डागाचं राहू दिलं. बाबांच्या प्रतीवर डाग नसायचाच, पण वय झालं की पडतात.

दरवर्षीचे एकतीस फोटो मी सुरुवातीला लावलेत, तुझ्या पाळण्यापासून. बाकीच्या फोटोंत मी नाहीच, कारण दिव्याची छत्री धरायला बाबांना मीच लागे. पण या एकतीसात आहे. आई मला आठ वर्षांची असल्यापासून बघेल. गंमत म्हणजे, त्याचीच मला जास्त उत्सुकता आहे. या वयात असा पोरकटपणा!

रविवारी सकाळी, चांगल्या उजेडात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावा डोळा सकाळी चांगला असतो. लिहीन सविस्तर.

तुझी ताई


३ मे

चि. बाळास आईचे आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे, त्याला हसू नको. मोठं काढलं तर अजून दिसतं.

काल थोरलीने फोटो दाखवले. डोळ्याचं पारणं फिटलं. टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ठेवली होती. तुझ्या सदऱ्याचं तिसरं बटण तुटलेलं, तेसुद्धा मला दिसलं. दुकानातलं मांजर दिसलं. एकेक फोटो मोजून पाहिला. सगळे आले. मी थोरलीला तसं म्हटलं पण, की कोणी राहिलं नाही, सगळी माणसं बघितली, आता डोळे गेले तरी चालतील.

एका फोटोत तुझ्या खांद्यावर कोणाचा तरी हात आला होता, मनगटापर्यंत. मी म्हटलं, हा पुसता येतो का? तर थोरली उठून आत गेली. तेव्हापासून धड बोलत नाही. जेवण वाढते, औषध घालते, पण तोंड मिटून. मला कारण कळेना. रात्री स्वतःच येऊन विचारलं, रेघ कशाची होती? मी सांगितलं. यात लपवण्यासारखं काय आहे? माझ्या आईला पहिल्या बायकोची मुलगी फोटोत बघवत नसे. जीव दुखायचा तिचा. म्हणून एका प्रतीवर तुझे बाबा रेघ मारत, ती माप म्हणून घरी राही. दुसरी मी त्या मापाने कापून माहेरी पाठवी. रेघ त्यांची, कात्री माझी. थोरलीला कडेला उभं करायचं तेही म्हणूनच, नाहीतर मधून कसं कापणार? तिला वाईट वाटू नये म्हणून उंचीचं सांगितलं होतं. एवढा विचार कोण करतं?

आता जुन्या गोष्टी. माझी आई गेली, बाबा गेले. कापलं ते एका परीने बरंच झालं, फोटो आटोपशीर दिसतात.

पाकीट थोरलीच टपालात टाकील. वाचलं तरी चालेल, आपल्या घरात लपवालपवी नाही.

तब्येतीला जप. म्हाताऱ्या आईवर लक्ष असू दे.

आई


४ मे

बाळ्या,

आज आशीर्वाद लिहीत नाही. हाताला येत नाहीत.

आईचं पत्र वाचलं. वाचलं तरी चालेल असं त्यात लिहिलं होतं. सोबत पाठवते आहे, एकाच पाकिटात, म्हणजे टपालखर्च वाचेल.

रविवार कसा गेला ते ऐक. पहिला फोटो आला, आई हसली. मी पडद्याच्या उजव्या कडेकडे बघत होते. आपण उभे असतो ती जागा माणसाला पाठ असते. तिथे पडदा संपत होता. मला वाटलं, पहिलाच फोटो, चुकला असेल. दुसरा, तिसरा. पाचव्याला मी मोजायला लागले. एकतिसाव्यापर्यंत बसले, बाळ्या. उठले नाही. शेजारी ती एकेकाला बोटाने मोजत होती: बाबा, मी, बाळ, काका, काकू, मांजर. आणि शेवटी म्हणाली, सगळे आले.

तिला दिसत नव्हतं असं म्हणू नकोस. तिला तुझं बटण दिसलं.

काळ्या पडद्यावरची पांढरी रेघ मोजणीवाल्याला दोन फोटोंमधली फट वाटली. त्याची चूक नाही. त्याला वाटलं हे दोन वेगळे फोटो आहेत, आणि खरंच होते. उजवीकडची अरुंद पट्टी त्याने छोटा तुकडा म्हणून टाकून दिली. चाराला चार! तळाशी लिहून येत होतं, टाकलेले तुकडे चार. मी म्हटलं, धूळ. मी माझीच मोजदाद धूळ म्हणून केली. कोपरे तपासले, माणसं तपासली नाहीत. ती चूक माझी, आणि ती मी कोणाच्या माथी मारणार नाही.

पण तू तपासनीस ना? तुला बारा फोटो पाठवले होते. बायकोला, मुलींना बसवून दाखवलेस. चार माणसांनी बारा फोटो पाहिले आणि एकालाही कोणी कमी वाटलं नाही. लिहिलंस, सगळे नीट आलेत. लिफ्टचा दोर न बघता असाच सही करतोस का? आणि तो डाग! तू दहा वर्षांचा होतास, पहिल्यांदाच स्टुलावर उभा राहिलास आणि पाय लटपटत होते. पडू नयेस म्हणून मी धरलं होतं. बाबांची रेघ माझ्या मनगटावरून गेली, म्हणून तेवढा हात वाचला. तो पुसता येतो का, हे तू विचारलंस आणि तिनेही विचारलं. माझ्या त्रेसष्ट वर्षांतलं घरात उरलेलं तेवढंच.

तू सोळाव्या वर्षी माझ्यापेक्षा वीतभर उंच झालास. तरी मधेच उभा राहिलास. मी पंधरा वर्षं आणखी खांब राहिले आणि एकदाही विचारलं नाही, की आता उंच कोण? जिने अख्खं आयुष्य भर सभेत उभं राहून प्रश्न विचारले, तिने हा प्रश्न घरात विचारला नाही.

मला एकच कळव. आजोळी दर सुट्टीत तू जायचास. मी जात नसे, कारण घरी कोणीतरी लागे. तिथल्या भिंतीवर काय टांगलेलं होतं? तुला माहीत होतं? मुद्दाम केलं असशील तर तसं लिही. मुद्दाम केलेलं मला परवडेल. मुद्दाम करणाऱ्याला निदान मी दिसलेली असते.

ताई


१२ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं मिळाली. बायको रडली. मी काय लिहू? शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही केलं. लक्षातच आलं नाही. आजोळी जिन्यात ते सगळे फोटो ओळीने लावलेले होते, कापलेले. मी ते बघतच मोठा झालो. माझ्या डोक्यात आपला फोटो म्हटला की तो तसाच आहे. तू पाठवलेस ते बघून मला म्हणूनच काही वेगळं वाटलं नाही.

तू म्हणशील तर ते महागडं सॉफ्टवेअर घेऊन देतो, पूर्ण पैसे मी घालतो. संगणकवाला म्हणाला, टाकलेले तुकडे कधीकधी परत मिळतात. मग म्हणाला, महिना झाला असेल तर नाही मिळत.

हात जोडून एक मागणं. आईला काही बोलू नकोस. तिचे डोळ्यांचे दोन महिने उरलेत. ती पिकलं पान आहे, तिच्या मनात काही नव्हतं. तू थोरली आहेस, तू समजून घेत आलीस.

नवी जागा रंगवून झाली. सामानाला माणसं पाठवतो.

माझ्यावरचा लोभ तुटू देऊ नकोस.

बाळ्या


९ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तीन महिन्यांत तुझं एक पत्र नाही. आईचे डोळे गेल्याचं मला शेजाऱ्यांकडून कळलं. चौकशी केली की तू फोन आईच्या कानाला लावतेस आणि निघून जातेस.

काल आईशी बोललो. ती म्हणाली, थोरली फार करते, रोज दुपारी सगळे फोटो सांगते. एकेक फोटो, कोण कुठे, कोणाचे कपडे कसे. मला तर दिसल्यासारखं होतं. मी म्हटलं, वा. मग तिने विचारलं, बाळा, तू एकाही फोटोत का नाहीस रे?

मी म्हटलं, आई, मी मधे आहे, स्टुलावर! ती म्हणाली, स्टूल आहे, थोरली सांगते. स्टूल रिकामं आहे. तू सुट्टीत आजोळी असायचास ना, म्हणून राहिलास. मी ओरडलो, तू स्वतः बघितलंस मला, माझं बटण बघितलंस! तर तिचा आवाज रडवेला झाला. म्हणाली, बघितलं असेल रे, आता माझी बघितल्याची खात्री राहिली नाही. थोरली कशाला खोटं बोलेल?

ताई, हे काय चालवलंयस? ती शहाऐंशीची होतेय. आंधळी आहे. तुझ्याशिवाय तिला विचारायला कोणी नाही. मला हवी ती शिक्षा दे. मी तुझ्यापुढे नाक घासतो. पण मला माझ्या आईच्या डोक्यातून काढू नकोस.

पुढच्या महिन्यात रजा मिळाली की येतो.

बाळ्या


१७ ऑगस्ट

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. बघ, पुन्हा यायला लागले.

पत्र पोचलं. आईचं सगळं नीट आहे. वेळेवर जेवते, झोपते, पाठीला फोड नाही. नव्या जागेत तिला भिंती पाठ झाल्या आहेत. तिच्या सेवेत माझ्याकडून सुताचीही कसूर नाही. येशील तेव्हा तपास. तपासणं तुझा धंदाच आहे.

तू विचारलंस, काय चालवलंय? विशेष काही नाही. दुपारी चहानंतर ती म्हणते, थोरले, फोटो सांग. मी खुर्ची ओढते आणि सांगते. पूर्वी रेघ बाबा मारत होते, कात्री आई धरत होती, शेरा तू मारत होतास. आता घरात डोळे मला एकटीलाच आहेत, म्हणून तिन्ही कामं माझ्याकडे आली. तू लिहितोस, तुला तिच्या डोक्यातून काढतेय. काढत नाही रे. मी एका ओळीपुढे खूण केली आहे, तूच शिकवली होतीस. खालोखाल माझ्या सांगण्यातून आजोळची आजी गेली, काकू गेली. धूळ फार साठली होती.

ये की. दाराशी येऊन सांग तिला, मी मधे होतो. ती तुझ्या तोंडावरून हात फिरवील आणि मग माझ्याकडे वळून विचारील, थोरले, हा होता का गं? मी काय सांगेन ते मी अजून ठरवलेलं नाही.

काल दहाव्या वर्षाचा फोटो सांगत होते, तुझ्या डागाचा. बाबा इथे, आई, तू इथे, काका तिथे, मधे स्टूल, स्टुलावर कोणी नाही. आईने बोटांवर माणसं मोजली. मग म्हणाली, मधली जागा रिकामी बरी दिसत नाही. थोरले, तू उंच आहेस, तू ये मधे, उभी राहा.

मी उभी राहिले.

तिने विचारलं, आता सगळे आले? मी म्हटलं, आले.

जीव आहे तोवर लोभ आहे, चौकटीच्या आत किंवा बाहेर.

तुझी
ताई